आधी जागा, मग दोष

सुर्वे सरांच्या सदऱ्याच्या खिशात कायम दोन खडू असतात. पांढरा वाहनांसाठी, पिवळा माणसांसाठी.

बडोद्यात रावपुऱ्याच्या रस्त्यावर दोन स्कूटर एकमेकींना घासल्या, की मालकांचं भांडण सुरू व्हायच्या आत सर जिना उतरून खाली आलेले असतात. वय पंचाहत्तरीच्या पलीकडे, उजवा गुडघा कुरकुरणारा. पण त्या वेळी तो गुडघाही गप्प बसतो. "कोणी हात लावायचा नाही! आधी आखू द्या!" असं ओरडत ते रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसतात आणि पडलेल्या गाडीच्या दोन्ही चाकांभोवती रेघ ओढतात. मागे रिक्षा तुंबतात, हॉर्नचा गलका होतो. कोणी तरी वैतागून म्हणतं, "काका, आघा खसो ने!" काका बाजूला होत नाहीत. भांडणारे दोघे भांडण विसरून या म्हाताऱ्याकडे बघत राहतात. त्यातला एक "वांक तो एनो ज छे," चूक त्याचीच आहे, असं म्हणाला, की सर मान वर न करता आपलं ठरलेलं वाक्य टाकतात, "आधी जागा, मग दोष."

हा माणूस एका मराठी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला. मी त्यांच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतो. खाली चष्म्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर हंसाबेन, दुसऱ्यावर सर, तिसऱ्यावर आम्ही. सरांचे किस्से आमच्या भागात प्रसिद्ध आहेत आणि ते मीही पुष्कळदा रंगवून सांगितले आहेत.

हंसाबेनची लोणच्याची बरणी जिन्यात फुटली, तेव्हाचा किस्सा तर मी पाहुण्यांना हमखास सांगायचो. सरांनी तेलाच्या ओघळाभोवती रेघ ओढली, काचांभोवती निराळी ओढली आणि बरणी कितव्या पायरीवरून सुटली असावी याचा विचार करत कठड्याला टेकून उभे राहिले. आम्ही सगळे वर अडकलो. शेवटी हंसाबेन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, अथाणुं गयुं ते गयुं, हवे दादर तो आपो!" लोणचं गेलं ते गेलं, आता जिना तरी द्या. सरांनी दिला, पण नंतर फरशी पुसायला आलेल्या बाईला बजावलं, "रेघ पुसू नकोस, तेल पूस."

एका लग्नात नवऱ्या मुलाचे मामा पंगतीत घसरून पडले. त्यांना उठवायला चौघे धावले, तर सर सगळ्यांच्या आधी पिवळा खडू घेऊन हजर. मामा आडवे, भोवती रेघ, रेघेबाहेर हात आखडून उभे वऱ्हाडी. मामा कळवळून म्हणाले, "अहो, मी जिवंत आहे!" सर म्हणाले, "म्हणूनच सोपं आहे. जरा पाय हलवू नका."

त्यांचा दुसरा आवडता शब्द म्हणजे 'पूरझडपे'. तो गुजरातीतला, पोलिसांच्या कागदातला, म्हणजे भरधाव. कोणी जिन्यावरून भराभर उतरला, की सर विचारणार, "काय हो, पूरझडपे निघालात?" दूध उतू गेलं, की दूध पूरझडपे गेलं. एकदा मी लागोपाठ तीनदा शिंकलो तर खालून आवाज आला, "घाटगे, जरा गफलतभरी रीते चाललंय!" हाही त्याच कागदातला शब्द, म्हणजे निष्काळजीपणे. जिन्यातली मुलं खिदळली. मीही हसलो. माझं हसणं मात्र लवकर थांबलं, कारण हे दोन शब्द सरांच्या तोंडी कुठून आले ते मला ठाऊक होतं.

ते त्यांच्या बायकोच्या फिर्यादीतून आले होते. म्हणजे बायकोनं दिलेल्या फिर्यादीतून नव्हे. ती मेल्यावर तिच्याविरुद्ध नोंदवलेल्या फिर्यादीतून.

सुलभावहिनी स्कूटर चालवायच्या हाही आमच्या गल्लीत चेष्टेचा विषय होता. त्या स्कूटर हाकत नसत, तिला हाताला धरून नेत असत. उभ्या गाईला हॉर्न द्यायच्या आणि ती हलेपर्यंत थांबायच्या. सायकलवाले त्यांना मागे टाकून पुढे जाताना "जय श्रीकृष्ण, बेन" म्हणायचे आणि वहिनी नमस्काराला उत्तर द्यायला स्कूटर थांबवायच्या. त्यांची धाकटी बहीण करजणला असते. तिच्याकडे जाताना वहिनी मोठ्या रस्त्यावर कधी चढत नसत. बाजूच्या लहान रस्त्याने, डाव्या कडेने, बसच्या दुप्पट वेळ घेत पोचायच्या.

तसंच एकदा जाताना, करजणच्या अलीकडे, मागून आलेल्या टेम्पोचा धक्का त्यांना लागला. डोकं मोरीच्या दगडावर आपटलं. कोणी तरी आपल्या गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

त्या दिवशी मी कामावरून त्याच रस्त्यानं परत येत होतो. मी पोचलो तेव्हा माणूस हलवलेला होता. उरली होती ती एक स्कूटर, करजणकडे जातानाच्या डाव्या कडेला, अर्धी रस्त्यावर आडवी. काचेचे तुकडे. टेम्पो थोडा पुढे थांबलेला, चालक फोनवर. मागे वाहनं खोळंबली होती आणि जो तो खिडकीतून मान काढून बघत होता.

मला एक वाईट खोड आहे आणि आयुष्यभर मी तिला सद्गुण समजत आलो. मला पसारा बघवत नाही. कारखान्यात माझ्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे असायच्या. मी उतरलो, स्कूटर उभी केली, ढकलत रस्त्यापलीकडे नेली, कारण डावीकडे चर होता आणि उजवीकडे कडुनिंबाची सावली. तिथं ती स्टँडवर नीट लावली. मग फांदी मोडून काचा चरात लोटल्या, कोणाचा टायर फाटू नये म्हणून. वाहनं सुटली. एका बसचालकानं मला हात केला. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "आज एक चांगलं काम केलं."

राखाडी रंगाच्या तशा स्कूटर बडोद्यात शेकड्यांनी होत्या. ती कुणाची, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरून रडण्याचा आवाज आला तेव्हा कळलं.

पोलीस जागेवर आले ते मी गेल्यानंतर. त्यांनी जे दिसलं ते पंचनाम्यात लिहिलं: स्कूटर रस्त्याच्या उजव्या बाजूला. तोवर टेम्पोवाल्यानं स्वतःच जाऊन फिर्याद दिली होती की बाई चुकीच्या बाजूने, पूरझडपे आणि गफलतभरी रीते स्कूटर हाकत अचानक आडव्या आल्या. हे असंच चालतं, असं मला पुढे कळलं. जो ठाण्यात आधी पोचतो तो फिर्यादी, आणि जो पोचूच शकत नाही तो आरोपी. गुन्हा सुलभावहिनींवर दाखल झाला आणि आरोपी मयत म्हणून बंदही झाला.

तेरावं झाल्यावर सरांनी तो कागद आम्हाला वाचून दाखवला. 'पूरझडपे' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. "सुलभा?" ते म्हणाले. "पूरझडपे?" खोलीतल्या एकदोघांना अशा वेळीही हसू आवरलं नाही. सर कोणावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "स्कूटर उजवीकडे गेली कशी? कोणी तरी हलवली. ज्यानं हलवली, त्यानं तिला दुसऱ्यांदा मारलं."

मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायलो. बोलायची वेळ ती होती. ती गेली. पुढच्या आठवड्यात बोलणं त्याहून अवघड होतं, आणि पुढच्या वर्षी त्याहून. हे सगळं मी आज लिहून काढतो आहे त्याचं कारण इतकंच, की सरांचे किस्से सांगणारे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांना वाटतं की म्हातारा उगाच सटकला.

सरांनी क्लेम कोर्टात दावा लावला. त्यांची वकील नीताबेन, सयाजीगंजात बसणारी, स्पष्ट बोलणारी बाई. कागद बघून तिनं सरळ सांगितलं, "सर, टेम्पोवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं आपल्यावर आहे. फौजदारीसारखं संशयापलीकडे नाही. कुठली बाजू जास्त शक्य वाटते एवढं दाखवलं तरी पुरे. पण त्यालाही काही तरी लागतं. बघणारा एक माणूस आणा." मग तिनं दुसरी वाट दाखवली. कायद्यात अशीही सोय आहे, की दोष कुणाचा हे न बघता ठरलेली भरपाई मिळते. रक्कम कमी, पण लवकर.

"म्हणजे दोष कुणाचा ते कोणी विचारणार नाही?" सरांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग तो आत्ता जिथं आहे तिथंच राहील की, नीताबेन. सुलभाच्या अंगावर."

त्यांनी ती वाट नाकारली आणि माणूस शोधायला लागले. करजणच्या रस्त्यावरच्या टपऱ्या पालथ्या घातल्या. कोणाला काही आठवत नव्हतं. एका पंक्चरवाल्याला इतकंच आठवत होतं की कोणी एक 'बहु सारा भाई' होते, फार सज्जन, त्यांनी रस्ता मोकळा करून दिला. हे सर मला माझ्याच घरी, माझ्याच हातचा चहा पिताना सांगत होते. "त्या सज्जनाला एकदा भेटायचंय मला, घाटगे."

तारखा पडत गेल्या. खडू त्याच काळात सुरू झाले. प्रत्येक अपघाताला एक बहु सारा भाई धावत येणार आणि सगळं नीटनेटकं करून टाकणार, याची सरांनी धास्ती घेतली होती. बडोद्यातल्या सगळ्या सज्जनांच्या आधी पोचायचं, हे त्यांनी एकट्यानं अंगावर घेतलं.

गेल्या वर्षी नीताबेननं सांगितलं की आता पुरावा बंद होणार. साक्षीदार नसेल तर पुढच्या तारखेला सरळ युक्तिवाद. त्याच दुपारी खाली दोन मोपेड धडकल्या. सर खडू घेऊन उतरले आणि आखता आखता मागून आलेल्या रिक्षाच्या धक्क्यानं आडवे झाले.

मी धावलो. खोड म्हणा, काही म्हणा, माझे हात आपोआप त्यांच्या काखेत गेले. सर खेकसले, "हात लावू नका! आधी मला आखा."

"सर, तुमचा हात बघा—"

"खिशात पिवळा आहे. आखा!"

लोक फोन काढून चित्रण करत होते. कोणी तरी म्हणालं, "बे गांडा भेगा थया!" दोन वेडे एकत्र आले. मी रस्त्यावर गुडघे टेकले आणि माझ्या शेजाऱ्याच्या डोक्याभोवती, खांद्याभोवती, वेड्यावाकड्या पडलेल्या मनगटाभोवती पिवळी रेघ ओढली. कमरेपर्यंत आलो आणि खडू मोडला. सर झोपल्या झोपल्या म्हणाले, "पुढे. अर्धा माणूस ठेवू नका."

मनगटाला प्लास्टर घालून आम्ही परत आलो. मी त्यांना खुर्चीत बसवलं, उशी दिली आणि उभ्या उभ्या म्हणालो, "सर, वहिनींची स्कूटर मी हलवली."

सर खुर्चीतून खाली उतरले, डाव्या हातात पिवळ्या खडूचा तुकडा धरला आणि माझ्या पावलांभोवती रेघ ओढली. डाव्या हाताची, वाकडीतिकडी. परत खुर्चीत बसले.

"हलू नका," ते म्हणाले. "आता बोला."

मी त्या रेघेत उभा राहून सगळं सांगितलं: चर, सावली, कडुनिंबाची फांदी, हात करणारा बसचालक. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "कोर्टात सांगाल?"

"सांगेन."

"मग आजपासून आपला चहा बंद. साक्षीदारानं दावेदाराचा चहा पिऊ नये." कारण कायद्याचं होतं, पण आवाज कायद्याचा नव्हता. मी जिना चढून वर गेलो.

कोर्टात मला वाटलं होतं की खरं बोललं की ते आपोआप उभं राहतं. टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील फार गोड माणूस. मला पाणी द्यायला सांगितलं, मग विचारलं, "काका, तमे ने सर एक ज मकानमां?"

"हो."

"रोज साथे चा?"

"आता नाही."

"केम?"

"मी खरं सांगितलं तेव्हापासून."

मागच्या बाकांवर हशा पिकला. वकीलही हसला. "स्कूटर हलवताना तुम्हाला माहीत नव्हतं ती कुणाची. दुसऱ्या दिवशी कळलं. तरी पोलिसांत गेला नाहीत. आणि आता पुरावा बंद व्हायच्या वेळी एकदम आठवलं की ती डावीकडे होती?"

"आठवलं नाही. विसरलोच नव्हतो."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांच्या स्वरात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "काका, आटलां वर्ष क्यां हता?" इतकी वर्षं कुठं होतात?

"साहेब," मी म्हणालो, "वरच्या मजल्यावर."

निकाल लागला तो असा: साक्षीदार शेजारी आहे, फार उशिरा आला आहे, त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, पण वाहन हलवलं गेलं हे संभवनीय दिसतं, म्हणून पंचनाम्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. सबब दोष दोघांचा, निम्मा निम्मा. नीताबेन म्हणाली, काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं, आणि अपील आहेच. मी वेळेवर बोललो असतो तर काय झालं असतं हे ती म्हणाली नाही. तिनं नुसता चष्मा पुसला.

परतीच्या रिक्षात रावपुरा आला तसे सर म्हणाले, "निम्मा म्हणजे कसा हो, घाटगे? अर्धी पूरझडप म्हणजे साधारण किती?" रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

मी वर जायला लागलो तर दुसऱ्या मजल्यावर त्यांनी दार उघडं ठेवलं. "या. दावा संपला. आता चहा चालतो."

चहा त्यांनी केला. कपात साखर जास्त पडली होती. मग त्यांनी विचारलं, "स्कूटर तुम्ही उचलून नेली की ढकलत?"

"ढकलत. उचलायची ताकद कुठली?"

"लगेच ढकलली गेली?"

कोर्टात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी डोळे मिटले. "नाही. अडत होती. गिअरमध्ये होती. जुनी स्कूटर ती, मुठीतच गिअर. जरा मागेपुढे हलवून मी न्यूट्रलला आणली."

सरांनी कप खाली ठेवला. "किती खटके?"

मी डावा हात पुढे करून हवेत मूठ धरली. डोक्याला आठवत नव्हतं, मनगटाला आठवत होतं. मूठ फिरली आणि थांबली. "एक."

"दोन नाही?"

"एकच, सर."

"तिसऱ्यातून यायला दोन लागतात. चौथ्यातून तीन." त्यांनी बोटांवर मोजलं. "एक म्हणजे दुसरा. दुसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे हळूच चालली होती ती?"

"दुसऱ्यातच असणार. एकच खटका होता."

सर उठले, खिडकीपाशी गेले. खाली रिक्षांचा गोंगाट चालला होता. पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलायला लागले.

"त्या सकाळी ती निघताना मी दारात उभा होतो. म्हटलं, बैलगाडी हाकतेस की स्कूटर? रोज लोक हसतात आपल्याला. आज जरा पळव. ती 'बरं' म्हणाली." ते थांबले. "मग तो कागद आला. पूरझडपे. तुम्हाला सगळ्यांना तो खोटा वाटला, घाटगे. मला एकट्याला वाटत होतं की खरा असेल. माझं ऐकून पळवली असेल तिनं."

"दुसरा गिअर," सर म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आणि हसता हसताच त्यांनी प्लास्टर निघालेल्या हातानं डोळे पुसले. "दुसरा! संसारभर कधी माझं ऐकलं नाही त्या बाईनं. त्या दिवशीही नाही ऐकलं."